फुकटचा निळा पट्टा

१२ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

निळा पट्टा बांधलेला तुझा फोटो पोचला. वहिनीने तो फ्रिजवर लावलाय, त्यामुळे पाणी प्यायला गेलो तरी तू आपली दंड थोपटून उभी. क्लबाच्या पाटीवर मिक्स्ड मार्शल आर्ट्स काय, ती जिउ-जित्सू नावाची जपानी कुस्ती काय! सत्तेचाळिसाव्या वर्षी बायका स्वतःचे गुडघे सांभाळतात, तू दुसऱ्यांचे मुरगळायला शिकतेस. दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवणाऱ्या बाईने संध्याकाळी स्वतःचे दात पणाला लावावेत, याला काय म्हणावं?

तरी दीड वर्षात साधं खरचटलंही नाही, हे नशीब. तुझे कोच समजूतदार गृहस्थ दिसतात. डावा खांदा जप.

लोभ आहेच, आणि काळजी त्याच्या दोन पावलं पुढे.

तुझा दादा

२ मार्च

ती. दादास,
सा. न.

नमस्कार रीत म्हणून केलाय, मनातून केलेला नाही.

गेल्या आठवड्यात क्लबात एक बेकरीवाली आली. वजन माझ्याएवढंच, पट्टा पांढरा, म्हणजे माझ्या खालचा. मी मोठ्या मनाने म्हटलं, चल, तुला दोन गोष्टी शिकवते. तिने मला अर्ध्या मिनिटात खाली पाडलं, छातीवर बसली आणि हात असा पिळला की मला मॅटवर थाप मारावी लागली. आमच्यात थाप मारली की हरलो. समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. तिने सोडलं. पुन्हा धरलं. चार वेळा तेच! दीड वर्षात मी ज्याला हात लावीन तो आडवा होत होता. मला वाटायचं, माझ्यात उपजतच काहीतरी आहे.

मग कोचना धारेवर धरलं. आधी त्यांनी आढेवेढे घेतले, शेवटी कपाटातून एक पत्र काढलं. तुझं ते कोर्टातल्या कारकुनाचं वळणदार अक्षर मी लांबूनही ओळखते. लिहिलं होतंस, ‘माझ्या धाकट्या बहिणीचा खांदा लहानपणी निखळला होता, तरी सर्वांनी तिच्याशी बेताने झटापट करावी व हे तिला कळू देऊ नये.’ शेवटच्या शब्दांखाली तांबड्या शाईची रेघ! सगळ्यांना ठाऊक होतं, दादा. क्लबात येणारा तो पोस्टमन, त्या दोघी कॉलेजच्या मुली, सगळे माझ्याखाली पडून विव्हळायचं सोंग करत होते. बेकरीवालीला तेवढं सांगायचं राहून गेलं.

शाळेत माझी चित्रं तू काढून दिलीस, मी गप्प बसले. नोकरीचा अर्ज तू लिहिलास, मी सही केली. ही एकच गोष्ट माझी मी उचलली होती. मला काय येतं आणि काय येत नाही, एवढंच एकदा बघायचं होतं, तेही तू बघू दिलं नाहीस. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. पट्टा परत केलाय.

लोभ जरूर असावा, पण जरा लांबून करावा, ही विनंती.

चिमी

९ मार्च

चि. चिमीस,
अ. आ.

चोर तो चोर वर शिरजोर असं म्हणशील, तरी बोलतो. भावाने बहिणीची काळजी केली तर तो गुन्हा कुठल्या कलमाखाली येतो ते कळव. तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली, मला तरी सापडलं नाही. आणि ते तुझे कोच! विश्वासाने लिहिलेलं पत्र जपून काय ठेवतात, मागितल्यावर काढून काय देतात! असल्या माणसाच्या हाती मी तुझा खांदा दिला.

तू सात वर्षांची होतीस. भिंतीवर मीच चढवलं तुला. धरतो म्हणालो आणि धरलं नाही. तुझं त्या वेळचं ओरडणं मी अजून विसरलेलो नाही. पत्र लिहिलं ते चुकलं असेल, पण मला दुसरं काही सुचलं नाही.

दादा

ता. क. चिमी, मी वहिनी. ते पत्र टाकू नका, असं मी यांना तेव्हाच बजावलं होतं. तू यांचं मुळीच ऐकून घेऊ नकोस.

२० एप्रिल

ती. दादास,
सा. न. (या वेळी निम्मा मनातून.)

मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं की यापुढे जो माझ्यावर दया करील त्याच्याशी मी बोलणार नाही. आता पांढऱ्या पट्ट्यात आहे आणि रोज सात-आठ वेळा थाप मारते. पोस्टमन आधी माफी मागतो, मग गळा आवळतो. कान सुजलाय, बरगडी दुखते, कामावर कवळ्यांचं मेण कोरताना बोटं आखडतात. पण परवा कॉलेजवालीच्या पकडीतून सुटले. खरीखुरी सुटले! ती चिडली, म्हणून कळलं. घरी येऊन आनंदाने रडले.

आणि भिंतीवर चढायचा हट्ट माझा होता. तुला नको नको म्हणताना मी चढले, हे तू सोयीस्कर विसरतोस.

पुढच्या महिन्यात क्लबातल्या क्लबात स्पर्धा आहे. माझी लढत बेकरीवालीशीच. ये. मात्र खुर्चीवरून उठायचं नाही आणि पंचांना चिठ्ठी द्यायची नाही. जमणार नसेल तर एकट्या वहिनीला पाठव.

भेटीपुरता तरी लोभ जवळून चालेल.

चिमी

२५ मे

चि. चिमीस,
अ. आ.

सुखरूप पोचलो. वाटभर वहिनीपाशी तुझ्या नावाने कुरकुरत होतो, इतका संतापलोय.

पहिल्यांदा बेकरीवालीने तुला खाली घेतलं तेव्हा मी उठलो होतो, खोटं कशाला बोलू? वहिनीने सदरा धरून बसवलं. मग तू कंबर उचलून तिला असं काही पलटवलंस की शेजारच्या माणसाने विचारलं, ही बाई कोण? माझी बहीण म्हणून सांगितलं, त्याने विचारलं होतं त्यापेक्षा जरा मोठ्यानेच.

पण नंतर काय झालं तुला? तिने हात धरला आणि तू थाप मारलीस! मी समोरून बघत होतो, तिची पकड सुटत आली होती, तुझं कोपर निसटतच होतं. दोन सेकंद, चिमी! आणखी दोन सेकंद कळ सोसली असतीस तर काय बिघडलं असतं? एवढी कसली घाई झाली होती हरायची?

तुझा दादा