शकूला कोणता राक्षस दाखवू?

शकूच्या आबांना,

साष्टांग नमस्कार.

तंबू आला. सोमवारी ट्रकमधून सिनेमाचं सामान आलं आणि स्टेशनच्या बाजूच्या मैदानात उतरलं. यंदा दोन चित्रं आहेत, एक देवाचं आणि एक राक्षसाचं. जमिनीवर बसायला पंचवीस नवे पैसे, बाकावर पन्नास. मांडीवरच्या मुलाला माफ, त्याहून मोठ्याला निम्मं. तंबूत शेंगा महाग आहेत, पण घरून भाजून नेल्या तर दारावर अडवत नाहीत.

हे सगळं मी दर वर्षी तुम्हाला धडगावला लिहून कळवायची आणि तुम्ही कचेरीत रजेचा अर्ज टाकून यायचात. मागच्या वर्षी तंबू आला तेव्हा तुम्ही जाऊन जेमतेम तीन महिने झाले होते, आम्ही तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही. यंदा वर्षश्राद्ध झालं. आज दुपारी पोरी शाळेत गेल्यावर टाक हातात घेतला आणि वरचं सगळं सवयीने लिहून गेले. लिहून झाल्यावर ध्यानात आलं. मग म्हटलं, कागद फाडून वाया कशाला घालवायचा? पुढेच लिहू.

शिवाय सांगायचंही आहे. आपली शकू तुम्हाला भीत होती. वर्षभर भीत होती.

तुम्हाला धडगावहून जीपमधून आणलं त्या दिवशी तिला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. त्यांनी तिला दूधभात भरवला, खेळवलं. ती परत आली तेव्हा ओटा धुतलेला होता आणि तुम्ही कुठेच नव्हतात. दारात उभी राहून तिने भोकाड पसरलं. तेव्हा तुमच्या धानोऱ्याच्या ताईंनी तिला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "रडू नको माय. तू रडशी ते तुन्हा आबाना जीव आठेच फिरत ऱ्हाई."

ताईंचं मन वाईट नाही, हे का मी तुम्हाला सांगायला हवं? भाऊ गेलेला, पोर आक्रोश करतेय, तोंडात आलं ते बोलल्या. पण आबांचा जीव इथेच फिरत राहील हे ऐकून शकू जी गप्प झाली ती झालीच. लोक म्हणाले, केवढी समजूतदार पोर! मलाही तसंच वाटलं. पुढे कळलं की दिवेलागणीनंतर तुमचं नाव कोणी काढलं की ती कान झाकून घेते. एकदा थोरली लीला जेवताना म्हणाली, "आबा असते तर..." शकूने उष्टा हात तसाच तिच्या तोंडावर दाबला. नाव घेतलं तर येतील म्हणून.

तुमच्या मांडीशिवाय जिला झोप यायची नाही, ती तुम्ही याल म्हणून घाबरत होती. हे मी कोणाला सांगणार? सांगितलं असतं तर कोणीतरी अंगारा आणून दिला असता. माझा अंगाऱ्यावर विश्वास आहे. पण बापाच्या विरुद्ध पोरीच्या कपाळाला अंगारा कसा लावू?

तंबूचा भोंगा गावातून फिरला आणि शकू मला म्हणाली, "आई, राक्षस उना." वर्षात पहिल्यांदा तिचे डोळे चमकलेले पाहिले.

तुम्हीच लावलेली गोडी ती. चित्र पाहायच्या दिवशी दुपारी अंगणात तुम्ही दोन्ही कानांना दोन सुपं धरून राक्षस व्हायचात. गोष्ट शेवटापर्यंत आधीच सांगून टाकायचात. राक्षस कुठून येतो, काय खातो, शेवटी त्याचं काय होतं. मी म्हणायची, सगळं सांगितल्यावर पाहायला काय उरलं? तुम्ही म्हणायचात, भीती उरली की. ती पुरे. रात्री पुरुषांच्या बाजूला पोरींना मांडीवर घेऊन बसायचात. दोरीपलीकडून, बायकांतून, मला दिसायचं. कधी तुमचा पंजा शकूच्या डोळ्यांवर, कधी तिचं तोंड धरून पडद्याकडे वळवलेलं.

आपलं भांडण ठरलेलं होतं. मी म्हणायची, लहान पोरींना देवाचंच चित्र दाखवावं. चार चांगल्या गोष्टी कानावर पडतात. तुम्ही म्हणायचात, "देवाच्या चित्रात जेवढी मुंडकी उडतात तेवढी राक्षसाच्यात नाही उडत." आणि मग लाडात येऊन, "असं काय करस तू, भेऊ दे ना पोरीस्ले जरासं. भाजीत तिखट टाकस का नई?" मी हिशोबात देवाच्या चित्राचं तिकीट देवधर्मात मांडायची आणि राक्षसाचं किरकोळमध्ये. त्यावरूनही तुम्ही मला चिडवलंत. "राक्षस किरकोळ कसा गं?"

या वेळी निवडायला मी एकटी होते. मी देवाचं निवडलं.

दुसरं काय निवडणार? वर्ष सरलेलं असलं तरी मी बाहेर पडले तर चार डोळे बघणार. देवाचं चित्र म्हटलं की कोणी बोलत नाही. गुरुवारी उपास सोडून, तरट घेऊन गेलो. एका भक्ताची गोष्ट होती. भजनं चांगली. अर्ध्यावर त्या भक्ताचा म्हातारा बाप आजारी पडतो आणि यमदूत येतात. काळे, शिंगं लावलेले, हातात दोर. खाटेवरच्या माणसाच्या गळ्यात फास टाकून त्याला ओढत नेतात, आणि मुलगा मागे धावतो.

शकू ओरडली नाही. माझ्या पदरात शिरली ती बाहेर आलीच नाही. पुढे देव येतो, फास तुटतो, बाप सुटतो. पण ते तिने पाहिलंच नाही. मी सांगितलं, "बघ, सोडवलं देवाने." ऐकायला ती तयार नव्हती.

घरी येऊन अंथरुणावर टेकवली तेव्हा तिने विचारलं, "मन्हा आबाले बी असाच बांधी लई गयात का?"

मी मॅट्रिक झालेली बाई, रोज पोथी वाचते. आणि तरी मी नुसतं थोपटत राहिले. तुम्ही असतात तर दुपारीच तिला सांगितलं असतं की यमदूत येतील, शिंगं पुठ्ठ्याची असतील आणि बाप सुटेल. मी देवावर सोडलं आणि चित्र आधी पाहिलं नाही, कोणाला विचारलं नाही. देवाचं म्हणून निर्धास्त राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाक आटोपून मी तंबूवर गेले. एकटी. दारावर तिकिटं फाडणारा तो उंच म्हातारा मामा बाजेवर बसला होता.

मी विचारलं, "राक्षसाचं चित्र कसं आहे?"

"एक नंबर, बाई. पोरं किंचाळतात."

"किंचाळायला नकोत. राक्षस माणसं खातो का?"

"खात नाही."

"बांधून नेतो कोणाला?"

त्याने विडी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "बाई, तुम्ही धडगाव कचेरीतल्या भाऊसाहेबांच्या घरच्या का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"असले प्रश्न विचारणारा सगळ्या मुलखात एकच माणूस. दर साल दुपारी यायचे, मला चहा पाजायचे आणि पिच्छा पुरवायचे. राक्षस डावीकडून येतो का उजवीकडून? वाजंत्री आधी वाजते का नंतर? मला म्हणायचे, मामा, दात दिसायच्या आधी तू दारातून खोकत जा, म्हणजे मी पोरींचे डोळे झाकीन. मी आपला खोकायचो." तो हसला. "यंदा दिसले नाहीत?"

मी सांगितलं. तो बाजेवरून उठला. तंबूची एक सैल दोरी ओढून घट्ट बांधत राहिला.

तुम्ही मला हे कधी का सांगितलं नाहीत हो? रजा काढून घरी यायचं आणि दुपारभर तंबूकडे भटकायचं, म्हणून मी तुमच्यावर किती चिडायची. तुम्ही नुसते हसायचात. मला वाटायचं, पोरींचे डोळे नेमके वेळेवर झाकता ते तुम्हाला आपोआप कळतं.

निघताना मामा म्हणाला, "बाई, राक्षस भला आहे. त्याला सर्दी झाली आहे, बस. बायकांच्या बाजूला, कडेच्या खांबाशी बसा. मी खोकतो."

घरी ताई आलेल्या होत्या. ऐकून कपाळाला हात लावला. "देवना खेळ पाह्या, ते ठीक शे. आते राक्षस बी पाहशी का? लोके काय म्हनतीन?"

मी म्हटलं, "ताई, लोक शकूला झोपवायला येणार आहेत का?" आजवर मी त्यांना कधी उलटून बोलले नव्हते. 

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी अंगणात पोरींना मामाकडून ऐकलेली गोष्ट शेवटापर्यंत सांगितली. सुपं धरायला लाज वाटली, म्हणून लीलेला धरायला लावली.

रात्री मामा खोकला. अगदी सांगितल्यासारखा, दोनदा. मी शकूच्या कानात म्हटलं, "आता येईल. झाकायचं तर झाक." तिने बोटं फाकवून डोळे झाकले. डोंगरामागून राक्षस वर आला. सुळे, जटा, छातीवर केस, आणि नाक टोमॅटोसारखं फुगलेलं. गाव दारं लावून बसलं. राक्षसाने तोंड वर केलं, सगळ्या पोरांनी श्वास रोखला, आणि तो शिंकला. एका घराचं छप्पर उडून गेलं. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. शकूने आधी माझ्याकडे पाहिलं, मी हसतेय का ते. मग तीही हसली. छप्पर उडालेल्या घरात एक म्हातारी होती, ती काठी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आधी नाक पूस मेल्या." तिने त्याला अंगणात बसवलं आणि ओव्याची धुरी दिली. एवढा डोंगराएवढा राक्षस, आईपुढे बसावा तसा मान खाली घालून बसला.

परतताना लीला कंदील घेऊन पुढे, आम्ही दोघी मागे. शकू माझं बोट धरून चालत होती. मग म्हणाली, "आई, तो खावाले नई उना. त्याले सर्दी व्हती."

"हो."

थोड्या वेळाने, "आबाले ताप व्हता ना? मंग आबाले कोनी धुरी दिन्ही?"

काळोखात, रस्त्यावर, तिने आपल्या तोंडाने तुमचं नाव घेतलं. मी चालायची थांबले.

मग मी तिला ते सांगितलं जे तेराव्याला तुमच्या कचेरीतल्या शिपायाने मला सांगितलं होतं आणि मी कोणापाशी बोलले नव्हते. त्याची म्हातारी आई तुमच्या उशाशी बसून होती. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती, पेज भरवत होती. ती तिच्या पावरी बोलीत बोलायची, तुम्ही तापात अहिराणीत बोलायचात, आणि दोघांचं चालायचं. मी हे सांगितलं नव्हतं, कारण ती जागा माझी होती. तिथे मी नव्हते. निरोप पोचेपर्यंत उशीर झाला होता.

शकूने सगळं ऐकून विचारलं, "म्हातारी व्हती ना पन?"

"होती."

"मंग ठीक शे," ती म्हणाली आणि पुढे पळत जाऊन तिने लीलेच्या हातातून कंदील घेतला.

काल ताई परत आल्या. दिवा लागल्यावर शकू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आत्या, मन्हा आबा भूत नई शे. आबाले ताप व्हता." ताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि पदरात तोंड घालून रडल्या. भाऊ गेल्यापासून त्यांना असं रडताना मी पाहिलं नव्हतं. शकूने त्यांना गप्प केलं नाही. नुसती शेजारी बसून राहिली.

तेव्हा तिची काळजी करू नका. ती आता तुमचं नाव घेते. दिवसातून इतक्यांदा घेते की मलाच उठून आत जावं लागतं.

माझं काय लिहू? दहाव्याला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, भाग्याचा जीव, काही इच्छा राहिली नाही. मी हात जोडले. पण खरं सांगते, मला वाईट वाटलं. थोडं थांबायचं होतंत. काहीच राहिलं नव्हतं का हो तुमचं इथे? सगळे विधी मी केले ते तुम्ही मोकळे व्हावं म्हणून, आणि संध्याकाळी देवापुढे बसले की मन दाराकडे असतं. तुम्ही येणार असाल तर चित्रातल्या म्हातारीसारखं माझंही छप्पर उडालं तरी चालेल, असं वाटतं. देव मला क्षमा करो. असलं मागू नये, हे मला कळतं.

म्हणून एवढं वचन देते. दर वर्षी तंबू आला की दुपारी जाऊन मी मामाला विचारेन. देवाचं असो की राक्षसाचं, आधी विचारल्याशिवाय पोरींना नेणार नाही. शेवट आधी सांगेन. पुढच्या वर्षी सुपं मी स्वतः धरेन, कोणी बघो न बघो. आणि पोरींसमोर तुमच्याबद्दल बोलताना आवाज खाली करणार नाही.

एकच मागणं आहे. घाट चढून धडगावला गेलात की तुम्ही पोचल्याचं कार्ड टाकायचात. "सुखरूप पोचलो, काळजी नसावी." खाली सगळं कोरं. मी रागवायची की कार्डाचे पैसे पूर्ण पडतात, मग दोनच ओळी का? आता दोन ओळीही नकोत. एकच पुरे. पोचलात तेवढं उलट टपाली कळवावे.

तुमची,
लीला-शकूची आई