पाचव्या गोलानंतर

चि. विश्वजित यास,
आशीर्वाद. उत्तम की नुसतेच, ते पत्र संपल्यावर ठरवू.

तू साताऱ्याचं आपलं कॉलेज सोडून सांगलीच्या कॉलेजात गेलास आणि फुटबॉल संघाची तुझी शिट्टी प्राचार्यांनी माझ्या गळ्यात घातली. संस्कृतच्या वर्गात मुलं उरली नाहीत, म्हणजे सर मोकळेच, असा त्यांचा तर्क. हंगामभर आम्ही नेमाने हरलो. विट्याच्या मैदानावर एकजण ओरडला, "आवं सर, मंत्र तरी म्हणा की एखादा!" मीही हसलो. पोरं हरायची, वडापाव खायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला यायची.

काल तुझ्याच संघाशी गाठ पडली. पाचवा गोल झाल्यावर तू बाकावरून हात खाली दाबलास आणि तुझी मुलं उरलेला वेळ आपापसांतच चेंडू फिरवत राहिली. आमच्या मल्हारनं ते पाहिलं.

"सर, त्यांनी मुद्दाम सोडलं व्हय आमाला?"

"न्हाई रं," मी म्हणालो.

त्यानं दंडावरची कॅप्टनची पट्टी काढून माझ्या हातात दिली. पुढच्या आठवड्यात शेवटचा सामना आहे. आज सरावाला कोणीही आलं नाही.

लहानपणी गोट्यांत मी मुद्दाम हरलो, की जिंकलेल्या गोट्या विहिरीत फेकून तू उपाशी झोपायचास. म्हणजे मुद्दाम सोडलेलं कसं लागतं, ते तुला ठाऊक होतं.

हे पत्र टाकणार नाही. वाचून तुला माझी कीव येईल, आणि तू केलेली कीव काल पाहिली तेवढी पुरे.

नुसतेच आशीर्वाद.
तुझा,
दादा