आईच्या अंगावर निऱ्या

पुराचा पहिला महिना, दिवस ७

आज धुणं धुताना नदीतून मगर आली! आमच्या घाटाचा मुकादम बाकीदादा, त्यानं मागं ओढलं म्हणून वाचलो, पण धुवायला आलेला हेनूतबाईंचा झगा घाटाच्या दगडात अडकून फाटला. दादा म्हणाला, "कपडा सोडायचा असतो, जीव नाही. धोबी आहेस का वेडा?" बाईंनी फाटका झगा मलाच देऊन टाकला — "लंगोट्या कर."

लंगोट्या कशाला? जवसाच्या सुताचं असलं तलम कापड! आई जन्मभर जाडंभरडं नेसली. यंदाच्या सणाला तिच्या अंगावर निऱ्यांचा झगा दिसला पाहिजे. ठरलं.

दिवस ९

लिहायची खापरी लहान, माझी अक्षरं मोठी. कपड्यांच्या कोपऱ्यावरच्या खुणा ओळखता ओळखता शिकलो, तेवढीच येतात.

झगा सांधला. आता निऱ्या. निऱ्या पाडायची खाचांची फळी थेब्सच्या या घाटावर एकट्या बाकीदादाकडे.

दिवस १२

मागितली. हसला. "तुमच्या त्या दलदलीतल्या गावात निऱ्या बघणार कोण? बेडूक?"
म्हटलं, बेडूक तर बेडूक.
"मग आजाऱ्यांची धुणी यापुढे तू धू."
कबूल.

दिवस २०

धुण्याच्या खारानं बोटं सोलली. पण फळी मिळाली. कापड डिंकाच्या पाण्यातून काढायचं, एकेका खाचेत अंगठ्यानं दाबायचं, कडक वाळू द्यायचं. मी घाईनं उचललं — सगळ्या निऱ्या मोडल्या. पुन्हा भिजवलं.

दिवस २३

उभ्या राहिल्या. दादानं त्यांवरून नख फिरवलं. जाताना म्हणाला, "म्हातारीला सांग, पाणी लागू देऊ नको."

आमच्या गावचा नावाडी पाशेदू उद्या उत्तरेला निघतोय. झगा त्याच्याकडे दिला नि बजावलं — आई घातल्यावर कशी दिसते, नीट बघून ये.

दुसरा महिना, दिवस २६

पाशेदूचा पत्ता नाही. धुताना मनातल्या मनात आईला झगा घालून बघतो.

तिसरा महिना, दिवस ४

पाशेदू आला. आईनं झगा घातलाच नाही. शेजारणींकडून निऱ्या पाण्यात सोडवल्या, लांब पट्ट्या फाडून घेतल्या, गुंडाळून उशाशी ठेवल्या. "पोराला सांग, मेल्यावर मला गुंडाळायला चांगलं कापड झालं. आता घोर नाही."

ती अंथरुणाला खिळलीय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझी एकुलती धड चादर घेतलीय, आईसमोर निऱ्या पाडून तिच्या अंगावर घालायला. दादानं काही न विचारता फळी दिली. पहाटेच्या नावेनं निघतोय.