तीन टाकीचं हाफ तिकीट

कोपरखैरणे,
गुरुवार

प्रिय अस्मी,

अनेक आशीर्वाद. गेली नऊ वर्षं तू रोज दहा चाळीसला तीन टाकीच्या स्टॉपवर बसमध्ये चढतेस, ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. फोनवर सांगण्यासारखी नव्हती, आणि आपले फोन कसे व्हायचे तुला माहीतच आहे. मी दत्ताच्या देवळात चपला काढायच्या जागी उभी राहून बोलायचे, अर्धं लक्ष घंटेकडे. पत्राची सवय आता गेली आहे. अक्षर वाकडं आलं तर हाताचा दोष समज. कागद जुन्या कॅलेंडरचे आहेत, मागची बाजू कोरी असते म्हणून मी ठेवून देते.

दहावीच्या परीक्षेनंतरची तुझी सुट्टी आठव. बाबांचा पाय प्लास्टरमध्ये, ड्युटी बंद, आणि सिटी बसचा ड्रायव्हर घरात बसला की भिंतींनासुद्धा हॉर्न देतो असं तू म्हणायचीस. तू कुठूनसा तो बस चालवायचा खेळ आणलास आणि दोन महिने खपून त्यात त्यांचाच रूट बसवलास. कोपरखैरणे डेपो ते नेरूळ, एकेक स्टॉप, एकेक सिग्नल, वाशीतल्या रसवंतीच्या पाटीसकट. डेपोतून बस दहा पस्तीसला सुटणार, त्यांच्या ड्युटीसारखीच. माणसं मात्र तुला बदलता आली नाहीत. ती खेळातलीच राहिली, लोकरी कोट घातलेले गोरे लोक, भर उन्हात तीन टाकीला बसची वाट बघत उभे. आवाज तेवढे तू आपल्या लोकांचे घातलेस. जोतीराम कंडक्टरला चहाला बोलावून 'चला, पुढे सरका, आत जागा आहे' म्हणायला लावलंस. त्या खेळात कंडक्टर नसतोच, तिकीट ड्रायव्हरच देतो, हे कळल्यावर जोतीरामभाऊ रुसले होते. म्हणाले, शेवटी मला पॅसेंजर केलंस होय. ते झाले टोपीवाला गोरा म्हातारा. खालच्या चांगुणाबाई 'ड्रायव्हरसाहेब, जरा थांबा की' म्हणाल्या, मी पदर तोंडाशी धरून 'सुटे नाहीत हो' म्हटलं, आणि लाल कोटातल्या शाळकरी पोरीचा आवाज तू स्वतः काढलास. म्हणायचं होतं 'काका, एक हाफ.' तोंडून गेलं 'बाबा, एक हाफ', आणि वर तुझं ते फिसकन हसणं. पुन्हा करते म्हणालीस तर बाबांनी करू दिलं नाही. 'सोळा वर्षांची घोडी झालीस, हाफ कसलं मागतेस, फुल काढ,' म्हणाले, आणि किती हसले ते. त्यांचं तसं हसणं मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, तू झालीस तेव्हा.

नऊ वर्षांपूर्वी तू लग्न करून उंबऱ्यात उभी राहिलीस तेव्हा बाबा जे बोलले ते तुझ्या कानातून अजून गेलं नसेल. 'हिचा आवाज या घरात ऐकू येता कामा नये.' मी ओट्याशी कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी होते. तीन झाल्या, चार झाल्या, भात खाली लागला, मी वळले नाही. तू माझ्या पाठीकडे किती वेळ बघत होतीस ते माझ्या पाठीला अजून कळतं. पण दुसऱ्या दिवशीचं तुला माहीत नाही. ड्युटीवरून आले, हातपाय धुतले, कॉम्प्युटर लावला, आवाज अगदी बारीक केला आणि बस काढली. मी भिंतीपलीकडे तांदूळ निवडत होते. तीन टाकीला दार उघडल्याचा फस्स आवाज, मग 'बाबा, एक हाफ', मग हसणं, मग दार बंद. त्या दिवसापासून एक दिवस चुकला नाही. ज्या आवाजाला त्यांनी घर बंद केलं तोच ते रोज ऐकत होते आणि मला ऐकू जात नाही असं समजत होते. मीही समजू दिलं.

अडीच वर्षांपासून त्यांचं विसरणं सुरू झालं. तुला मी 'वय झालं आता' एवढंच सांगितलं, पण ते तेवढं नाही. आधी किल्ल्या गेल्या, मग नावं, मग वर्षंच्या वर्षं. आता दुपारी विचारतात, अस्मी शाळेतून आली का. मी म्हणते, आली, खेळायला गेली. अजून बरी खेळते, म्हणतात, आणि पेपर उलटा धरून वाचायला लागतात. रिटायर झाल्यावरही रोजची दहा पस्तीसची बस तेवढी पक्की राहिली. त्यांच्या हातांना सगळं येतं, गिअर, आरसा, दाराचं बटण. म्हणून गणपतीनंतर जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा मी घाबरले. चार दिवस ते चपला घालून दारात उभे, डेपोत उशीर होतोय म्हणून. कॉम्प्युटर बिघडल्याचं तेवढं मी तुला बोलले आणि तू तुझा जुना मॅक कॉम्प्युटर कुरियरने पाठवून दिलास.

सेक्टरच्या मार्केटमध्ये अक्षता मॅडमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दोन्ही डबडी पिशवीत घालून मी तिथे गेले. त्या म्हणाल्या, काकू, हा खेळ फक्त विंडोजवर चालतो, मॅकवर नाही, पण उपाय आहे. उपायाचं नाव ऐकून मी खुर्चीवरून उठलेच. नाव दारूचं, आणि खेळ ज्यात ठेवायचा त्याला म्हणे बाटली म्हणतात. मी म्हटलं, मॅडम, आमच्याकडे गुरुवार असतो. त्या हसून हसून टेबलाला टेकल्या, मीही हसले. मग नीट समजावलं. मॅकच्या पोटात एक बंद जागा करायची आणि तिथे खेळाला त्याच्या जुन्या घरासारखं सगळं मांडून द्यायचं. खेळ विचारतो, हे विंडोजच ना? मध्ये बसलेला म्हणतो, हो. खेळ म्हणतो, माझी अमुक वस्तू आण. मधला धावत जातो आणि कुठून तरी तशीच आणून ठेवतो. आपण परक्या घरात आहोत हे खेळाला कधी कळत नाही. मधल्याने उत्तर द्यायला चुकायचं नाही, एवढंच. मी हसायची थांबले. घरी मी दिवसभर दुसरं काय करते?

पहिल्या दिवशी मी मॅकला अंगारा लावला, मग बाबांना बसवलं. बस सुरू झाली. डेपोतच टोपीवाला गोरा चढला आणि जोतीरामभाऊ बोलले, 'चला, पुढे सरका.' त्यांना जाऊन चार वर्षं झाली. आता त्यांची बायको बाळाबाई एकादशीला येऊन बसते आणि त्या गोऱ्याने तोंड उघडलं की डोक्यावर पदर घेते. 'मला कधी पुढे सरका नाही म्हणाले गं,' म्हणते, 'नुसतं सरक म्हणायचे.' चांगुणाबाईंना जाऊन दोन वर्षं होतील, त्याही 'जरा थांबा की' म्हणाल्या. मग तीन टाकी आली. लाल कोट चढला, ओठ हलले, आवाज नाही. मी मॅक उचलून दुकानात नेला, तिथे बस वाशीपर्यंत नेली तर माझी बाईही मुकी. अक्षता मॅडमने उघडून पाहिलं. तू बाकीच्यांच्या फायलींना इंग्रजी अक्षरांत नावं दिली होतीस आणि घरच्या दोघींना मराठीत, 'आई' आणि 'मी'. त्या बाटलीत मराठी अक्षर वाचलं जात नाही, आणि नाव बदललं की खेळच सुरू होत नाही. दोनदा करून पाहिलं, मग होतं तसं ठेवलं. कारण मला समजलं, अस्मी. तरी घरी येताना डोक्यात एकच घोळत राहिलं. गेलेली माणसं बोलताहेत, आणि आपण दोघी नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा तर तीन टाकीवरून बस पुढे काढेनात. 'मागितल्याशिवाय पोरीला तिकीट कसं देऊ,' म्हणाले. दार उघडं, इंजिन चालू, लाल कोट पायरीवर उभा. दूध नको, जेवण नको. दुपारचे तीन वाजले. शेवटी मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिले, गळा बारीक केला आणि म्हटलं, 'बाबा, एक हाफ.' त्यांनी मागे पाहिलं नाही. तिकीट दिलं, दार लावलं, निघाले. तेव्हापासून रोज दहा चाळीसला मी दारामागे असते. किराण्याच्या वहीच्या शेवटच्या पानापासून उलट लिहीत येते, तारीख आणि बरोबरची खूण, तू चढलीस म्हणून. लेकीच्या आवाजात नवऱ्याला बाबा म्हणायचं, मग हात धुऊन देवापुढे बसायचं. तुझं हसणं तेवढं मला जमत नाही. ते न आल्याने बाबा रोज एकदा आरशात बघतात, मग गिअर टाकतात. नेरूळपर्यंत बस कधी पोचत नाही. तुर्भ्याच्या आसपास थांबवतात आणि हात मांडीवर ठेवून बसतात, कुठे निघालो होतो ते आठवत.

परवा मंगळवारी माझा घसा बसला होता. साधा नाही, पूर्ण, श्वास तेवढा बाहेर पडत होता. रात्रभर हळद-दूध घेतलं, उपयोग नाही. दहा पस्तीसला बस सुटली. आता तीन टाकीला काय होणार या टेन्शनने मी त्यांच्या खुर्चीमागेच जाऊन उभी राहिले, खांद्यावर हात ठेवीन, काहीतरी खूण करीन म्हणून. बाहेर लख्ख ऊन होतं, खाली सोसायटीत भंगारवाला ओरडत होता. दार उघडलं. लाल कोट चढला. माझे दोन्ही ओठ मिटलेले होते, हे मी दत्ताची शपथ घेऊन सांगते. आणि आवाज आला, 'बाबा, एक हाफ.' मॅकमधून आला की खोलीतून, मला सांगता येत नाही. हसणं नव्हतं. आणि तो सोळा वर्षांच्या पोरीचा आवाज नव्हता. भरलेला होता, बाईचा, थोडा दमल्यासारखा, फोनवर दिवाळीला ऐकला होता तसा. बाबा आरशात बघेनात. त्यांनी मान वळवली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. 'फुल काढ,' म्हणाले. 'मोठी झालीस.' मग बस निघाली, वाशी गेली, तुर्भे गेलं, थेट नेरूळला लागली. त्यांनी इंजिन बंद केलं, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि मला विचारलं, 'अस्मीला आता कुठे दिलंय गं आपण?' त्यानंतर दोन दिवस बसला हात लावलेला नाही. झाली म्हणतात ड्युटी. काल मी मॅक घेऊन अक्षता मॅडमकडे गेले. त्यांनी सगळं पाहिलं. 'मी' ही फाइल अजून वाचली जातच नाही. काकू, इथून हा आवाज येऊच शकत नाही, असं त्या म्हणाल्या आणि पैसे घेतले नाहीत.

दिवाळीला तू विचारलंस, बाबा मॅक लावतात का, अजून रागावलेत का. मी म्हटलं, हातही लावला नाही, राग आहे तसाच आहे. ते खोटं होतं. राग दोन वर्षांपूर्वीच गेला, कशावर होता तेही त्यांना आठवत नाही. तू आली असतीस तर 'ही बाई कोण' असं त्यांनी तुझ्या तोंडावर विचारलं असतं, ते तुला ऐकावं लागू नये असं मी मनाला सांगितलं. पण खरं कारण वेगळं होतं. तू दारात उभी राहिलीस की ती लाल कोटवाली चढायची थांबेल आणि ते माझ्याजवळ नुसते बसून राहतील, ही भीती होती. पुन्हा एकदा मी तुला पाठ दाखवली. त्यानंतर तुझा फोन नाही, मी करते तर बंद लागतो. कुरियरचा खोका मी टाकला नव्हता, त्यात कांदे ठेवते. कांदे जमिनीवर ओतून इंदूरचा हा पत्ता उतरवून घेतला. मला तुझ्याकडून माफी नको, येणंही नको असेल तर नको. त्या बसमध्ये जोतीराम बोलतात, चांगुणाबाई बोलतात, दोघंही गेलेली. माझा आवाज अजून आलेला नाही. तुझा परवा आला. म्हणून हे पत्र. मोबाइल मी मॅकच्या टेबलावर ठेवला आहे, आवाज मोठा करून, आणि पत्र पोचेपर्यंत रोज दहा पस्तीसला बाबांना शेजारी घेऊन बसणार आहे. तू आहेस ना, एवढंच मला ऐकव. आई म्हणू नकोस हवं तर. हाफ म्हण, फुल म्हण, माझ्यावर ओरड. नुसती हसलीस तरी मी ओळखेन.

तुझ्या आवाजाकडे कान लावून बसलेली,
तुझीच
आई