पहिला मासा लागेपर्यंत

३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या धाकट्या भावाला अखेर लेखक व्हायची वेळ आली आहे. हसू नकोस. आमच्या हौशी मासेमारी मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून अंक निघतोय, आणि त्यात प्रत्येकाने आपल्या आठवणीतल्या माशावर लिहायचं आहे. मंडळाच्या चिटणिसाने, म्हणजे आमच्या त्या टकल्या न्हाव्याने, मला सांगितलं की तुम्ही बोलता भरपूर, आता जरा लिहूनही दाखवा. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या गवत्या माशाशिवाय मी दुसरं लिहिणार तरी कशावर? तळ्याच्या इतिहासात एवढा मोठा मासा काठीने कोणी काढला नव्हता आणि अजून काढलेला नाही.

तर मला तुझी मदत हवी. वजन नऊ किलो चारशे होतं की नऊ सहाशे? मी सगळ्यांना दहा सांगत आलोय, पण छापायचं म्हणजे जरा जपून. आमिष कणकेचं होतं की मक्याचं? आणि तो किती वेळ झुंजला? मी म्हणतो पाऊण तास.

खरं सांगू का दादा, अंक हे निमित्त. तो मासा काढला त्या रविवारनंतर तू एकदाही तळ्यावर आला नाहीस. दर वर्षी बोलावतो, दर वर्षी तुझी काहीतरी सबब. कधी दुकानात चष्म्याच्या काचा तुंबल्यात, कधी गुडघा. दुसऱ्या कोणाबरोबर बसायला मजा येत नाही रे. न्हावी आमिष लावतानासुद्धा गिऱ्हाइकांच्या भानगडी सांगतो.

आणि भिंगरीला एकदा विचार, काकाने असं काय घोडं मारलंय? लहानपणी दर आठवड्याला पत्र लिहायची, चित्रं काढून पाठवायची. आता माझ्या चार पत्रांना एक ओळ नाही. एकुलती एक पुतणी, जीव तुटतो. तिच्या काकूलाही वाईट वाटतं.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
बोलक्या

९ फेब्रुवारी

चि. बोलक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वजन नऊ किलो दोनशे. चारशे नाही, सहाशे नाही, दहा तर मुळीच नाही. आमिष कणकेचं, त्यात तू तुझ्या कवळ्यांच्या कारखान्यातलं कसलं तरी गुलाबी पीठ कालवलं होतंस, तेव्हा त्या बिचाऱ्या माशाला दातांचा डॉक्टर भेटल्यासारखं वाटलं असेल. झुंजला वीस मिनिटं. पाऊण तास तू नंतर बोलत होतास.

माझं ऐकशील तर दुसऱ्या एखाद्या माशावर लिही. तुला एकदा बूट लागला होता, लोक पोट धरून हसतील. त्या दिवसाबद्दल कशाला उगाच.

तळ्यावर यायचं म्हणशील तर आता पाण्यावरचं गळाचं बूचच दिसत नाही. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. आयुष्यभर लोकांना स्वच्छ काचा घासून दिल्या आणि आपल्याच डोळ्यावर साय आली. भिंगरी दुकानात आता माझ्यापेक्षा चांगलं काम करते. तिला वेळ होत नाही, बाकी काही नाही. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझ्या वहिनीचा तुम्हा दोघांना आशीर्वाद. प्रकृतीस जप.

तुझा,
दादा

१४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

बुटावर लिहू? वा रे वा! लेख लिहूनसुद्धा झाला. मधला भाग तुझ्यासाठी उतरवून पाठवतोय, कारण त्यात तुझी यथेच्छ खेचली आहे आणि मागाहून कुरकुर नको.

“आमचा एक नियम होता. पहिला मासा लागेपर्यंत कोणी अक्षर बोलायचं नाही. हा नियम माझ्या थोरल्या भावाने केला, कारण मी सोळा वर्षांचा असताना बडबड करून सगळं तळं रिकामं करतो असं त्याचं म्हणणं होतं. मला तो नियम पाळायला दोन वर्षं लागली. पण एकदा अंगी मुरल्यावर मी त्याच्यापेक्षा कडक झालो. त्या रविवारी मात्र गंमत झाली. नियम करणाऱ्यालाच तो पाळवेना! सकाळी सातपासून दादाची चुळबुळ चाललेली. एकदा तो घसा खाकरून म्हणाला, अरे ऐक. मी ओठांवर बोट ठेवलं. अर्ध्या तासाने पुन्हा तोंड उघडलं, मी पुन्हा बोट ठेवलं. तिसऱ्यांदा तर माझ्या शेजारी येऊन बसला आणि खांद्यावर हात ठेवला. मी डोळे असे वटारले की बिचारा मुकाट्याने आपल्या जागी गेला. आणि काय सांगू, तो बसतोय न बसतोय तोच माझं बूच खाली गेलं! दादा कमरेइतक्या पाण्यात जाळी घेऊन उभा राहिला म्हणून तो मासा काठावर आला. तरी फोटोत त्याचा चेहरा पाहा. मी विजयी वीर, आणि दादा जणू कोणाला पोचवून आलाय. हेव्याला काही औषध नाही!”

कसं वाटलं? टकल्या खूश झाला. फोटोही छापणार आहेत. तो अजून माझ्या मागच्या खोलीत काठ्यांच्या वर टांगलेला आहे.

मोतीबिंदूचं मनावर घे. हल्ली ऑपरेशन म्हणजे चुटकीसरशी होतं. तुझ्या दुकानात फोन घे म्हणून किती वर्षं सांगतोय, म्हणजे अशा वेळी विचारपूस तरी करता येईल.

वहिनींना नमस्कार. राग आला तरी लोभ ठेव.

तुझा,
बोलक्या

२० फेब्रुवारी, बुधवार

चि. बोलक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख तीनदा वाचला. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. फक्त हेवा नव्हता रे.

आता मी सांगतो ते शांतपणे वाच. मी अकरा वर्षं हे गिळून बसलोय.

त्या वर्षी भिंगरीला तुमच्या गावच्या कॉलेजात जनावरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला होता. तुम्हाला कळवलं नव्हतं, कारण वसतिगृहात जागा नव्हती, आणि राहायची सोय असल्याशिवाय सांगायचं तरी काय. मंगळवारपर्यंत गावातल्या नातेवाइकाचा पत्ता आणि सहीचं पत्र द्यायचं होतं. मी त्या रविवारी मासे धरायला आलोच नव्हतो. तुझ्याकडे तिला ठेवशील का, एवढं विचारायला आलो होतो. घरी तुझ्या बायकोसमोर विचारायचा धीर झाला नाही. म्हटलं, तळ्यावर आपण दोघंच असू.

तू बोट ठेवलंस यात तुझी चूक नाही. नियम माझाच. आणि खरं तर नियमाचा मला आधारच वाटला, कारण कोणाकडे काही मागायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. मासा निघाल्यावर बोलता आलं असतं. पण घरी परतताना तू वाटभर सांगत होतास की आता मागच्या खोलीत फळ्या ठोकणार, काठ्या लावणार, मध्ये हा फोटो टांगणार. मी मागणार होतो तीच खोली. तुला इतका आनंद झाला होता. मी म्हटलं, जाऊ दे, जेवताना विचारीन. मग म्हटलं, निघताना. मग गाडी सुटली.

इथवर असतं तर मी भित्रा ठरलो असतो, बस. पण घरी आलो तर भिंगरी दारातच उभी. तिने विचारलं, काका काय म्हणाला? मी न विचारताच परत आलो हे सांगायची मला लाज वाटली. माझ्या तोंडून निघून गेलं की काका म्हणाला, घर लहान आहे.

ती आत निघून गेली. बुधवारपासून दुकानात येऊन बसली. ती तुला पत्र का लिहीत नाही ते आता तुला कळलं. मी तळ्यावर का येत नाही तेही कळलं. कोणत्या तोंडाने यायचं?

सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, मग आठ दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी. त्याआधी रविवारी तिला सगळं खरं सांगणार आहे. पट्टी बांधल्यावर सांगितलं तर तिचा चेहरा बघावा लागणार नाही असंही मनात आलं, पण तेवढा नीचपणा नको.

तू माझ्या जागी वाईट झालास. मला क्षमा कर असं म्हणायचाही अधिकार नाही.

तुझा,
दादा

२३ फेब्रुवारी, शनिवार

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल पत्र आलं. पहिल्यांदा इतका संतापलो की काठी घेऊन अंगणात जाऊन बसलो. पाणी नाही, काही नाही, नुसता बसलो. अकरा वर्षं त्या पोरीने मला काय समजून घालवली! तिच्या वाढदिवसाला धाडलेली पत्रं तिने कशी वाचली असतील? मला भरल्या घरात चोर ठरवलंस दादा, आणि मी तळ्यावर तुझ्या नावाची जागा राखून बसत होतो.

आज सकाळी मागच्या खोलीत गेलो. काठ्या पुसायला म्हणून गेलो आणि तिथल्या स्टुलावर बसून राहिलो. नऊ बाय दहाची खोली आहे. उत्तरेला खिडकी. एक खाट, एक टेबल सहज मावेल. स्वतःला विचारलं, दादाने त्या दिवशी विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं?

तुला काय वाटतं? मी लगेच हो म्हटलं असतं? मलाही काल तसंच वाटत होतं, म्हणून तर एवढा संताप. पण मी स्वतःला ओळखतो. मला तेव्हा ती खोली हवी होती. कवळ्यांच्या कारखान्यात दिवसभर प्लास्टरची धूळ खाल्ल्यावर मला माझी एक खोली हवी होती, दार लावून रिळांना तेल घालत बसायला. मी हिच्या आईच्या आजारपणाचं नाव पुढे केलं असतं. मी म्हटलं असतं, दादा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण घर लहान आहे. तू माझे शब्द बरोबर ओळखलेस रे. खोटं तू बोललास, पण ते माझ्या मापाचं होतं.

म्हणून सांगतो, हे पत्र पोचेल तेव्हा रविवार उलटून गेलेला असेल; तुझा स्वभाव पाहता त्या दिवशी तुझा धीर खचलाच असेल, तर आता तिला काही सांगू नकोस. ती तुझ्याजवळ राहते, तुझ्या दुकानात बसते. तुझ्यावरचा विश्वास उडाला तर ती जाईल कुठे? माझ्यावर रागावलीच आहे, राहू दे. तसाही मी त्या रागाच्या लायकीचाच आहे.

लेख मी परत घेतला. न्हाव्याला म्हटलं, बुटावर लिहीन.

डोळ्याला जप. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक, भिंगरीच्या हाती लागता कामा नये.

तुझा,
बोलक्या

२७ फेब्रुवारी, बुधवार

तीर्थस्वरूप काका यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांचं ऑपरेशन नीट झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे, वाचायला बंदी आहे. म्हणून तुमचं पत्र काल दुपारी मी त्यांना वाचून दाखवलं. तुमची पत्रं आमच्या घरी नेहमी मोठ्यानेच वाचतात, पूर्वी बाबा वाचायचे. ते म्हणाले, राहू दे, नंतर बघू. मी म्हटलं, काकांचं पत्र मीच वाचणार. अकरा वर्षांत मी असं पहिल्यांदाच म्हणाले, त्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही. फाडून टाक ही ओळ शेवटी होती. तिथवर पोचेपर्यंत सगळं वाचून झालं होतं.

बाबांचा धीर खचला नाही. रविवारी संध्याकाळी दुकान बंद केल्यावर त्यांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं. मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. आईने स्वयंपाकघरातून येऊन माझा हात धरला तेव्हा थांबले. मग रडले, आणि खोटं कशाला बोलू, ते रडणं सगळं दुःखाचं नव्हतं. काकांनी मला नको म्हटलं नव्हतं, एवढंच डोक्यात घोळत होतं. सोमवारी इस्पितळाच्या बाकावर बसून तुम्हाला आठ पानं लिहिली. माफी मागितली होती. दुकानातल्या गमती लिहिल्या होत्या. बेडकाचं एक चित्रही काढलं होतं, लहानपणी काढायची तसं. काल सकाळी पाकीट चिकटवून ठेवलं होतं.

ते पाकीट आता पाठवत नाही.

तुमच्यावर राग नाही, काका. तुम्ही खरं लिहिलंत. बाबांसाठी लिहिलंत, हेही मला कळतं. तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर ‘मी तिला नक्की ठेवून घेतलं असतं’ असं सांगून मोकळा झाला असता. अठरा वर्षांची असते तर भांडलेही असते. आता एकोणतिसावं चालू आहे, आणि दुपारी तीन गिऱ्हाइकांच्या काचा द्यायच्या आहेत.

मागच्या खोलीचा भाग आला तिथून मी मनातच वाचत गेले, आणि बाबा पट्टीखालून विचारत होते, पुढे काय लिहिलंय. मी म्हटलं, नमस्कार लिहिलाय.

त्यांचा डोळा उघडला की ते स्वतः लिहितील. तोवर आईचा आशीर्वाद कळवते. काकूंना माझा नमस्कार सांगा. तुमची पत्रं येत राहू देत, बाबांना त्यांची वाट असते.

एक मात्र सांगायचं राहिलं. रविवार संध्याकाळपासून मंगळवार दुपारपर्यंत मला काका होता. ते दोन दिवस फार चांगले गेले.

आपली,
भिंगरी