माळवदावरची पोरगी

४ जानेवारी १९९८, रविवार

सुग्र्या आणि जीवन्या आले आणि परत तेच — बिजलीकुमार! बारा वर्षं झाली तरी यांचं पोट भरत नाही. माझंही भरत नाही म्हणा. टीव्हीवर एकदाच लागलेला, दीड तासाचा, भिकार कार्यक्रम. परत कधी दाखवला नाही. लाजच वाटली असेल त्यांना!

सुग्रीव आता थर्मलच्या वीजकेंद्रात कंत्राटावर राख उपसतो, जीवन परळीत केबलवाल्याकडं खांबावर चढतो. पण माझ्या धाकट्या बहिणीच्या, रुद्राणीच्या खाटेपाशी बसले की दोघंही सातवीतले. "कमरेची दोरी आठवती का बे? ढळढळीत दिसत हुती!" — "आन् ती बिल्डिंग? पुठ्ठ्याची! त्यानं बुक्की मारायच्या आधीच पडली!" — "कालासुराचा टोप निसटला, तर एका हातानं टोप धरून लढला बिचारा!"

रुद्राणी उश्यांना टेकून हसत होती. हसता हसता धाप लागली. आईनं दारातून डोळे वटारले. तरी रुद्राणीच म्हणाली, "आन् सिंहासनावर चहाचा गिलास राहिलता, त्यो?"

"असलं काय न्हवतं गं," सुग्र्या म्हणाला.

"हुता."

हिला काय माहीत? ही तर तेव्हा वर, माळवदाच्या मातीच्या छतावर होती. ऐकून ऐकून स्वतःचंही घालायला लागली वाटतं.

जाताना जीवन्या आमच्या दुकानापाशी थांबला. हळूच म्हणाला, "रव्या, पोरगी लई वाळली बे." गिऱ्हाईक आलंय म्हणून मी त्याला घालवला. गिऱ्हाईक नव्हतं.

७ जानेवारी

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. हृदयाची झडप पार गेली. बदलायची होती ती दोन वर्षांमागं. आता अंगात ताकद नाही, टेबलावरच जाईल. "लहानपणी ताप आलता का? सांधे सुजले होते?"

आई म्हणाली, "माळवदावर गारठली हुती."

डॉक्टर म्हणाले, गारठ्याचा काही संबंध नाही, हे घसा बिघडून होतं. आईनं मान हलवली, पण माझ्याकडं बघत होती. डॉक्टर काय म्हणायचे ते म्हणोत.

११ जानेवारी

लिहूनच टाकतो. तोंडानं सांगायची छाती नाही.

८६ सालचा पौष. गल्लीत टीव्ही फक्त आमचा. अँटेना माळवदावर, एका पायपाला. वारा सुटला की चित्र जायचं, मग कुणीतरी वर जाऊन पाइप धरून उभं राहायचं. त्या रविवारी संध्याकाळी मी रुद्राणीला पिटाळलं. नऊ वर्षांची होती. "तू कावून न्हाई जात?" म्हणाली. मी कशाला जाईन! मी मोठा, टीव्ही आमचा, खाली वीस-पंचवीस पोरं आणि सगळ्यांच्या पुढं मी मांडी घालून. बसल्या जागेवरून ओरडायचो. माळवदातल्या, डोक्यावरच्या झरोक्यातून तिला ऐकू जायचं — डावीकडं! अजून! आलं, आलं, हलू नको!

थोड्या वेळानं वरून आवाज आला — दादा, थंडी वाजतीय, मी येते खाली. ती आली की चित्र जाणार. मी थाप ठोकली. "रुदे, यात तुझ्यासारखीच एक पोरगी हाय! माळवदावर उभी राहून तार धरती. तिच्या हातातून बिजलीकुमारला ताकद जाती. तिनं सोडली की त्यो पडंल!" पोरं तोंड दाबून हसली. तसली पोरगी कुठली! सबंध कार्यक्रमात बाई म्हणून नव्हती.

ती आली नाही. चित्र असं थिरावलं की शेवटपर्यंत हललं नाही. "पोरीचा हात बघा बे!" जीवन्या म्हणाला. मला चेव आला. दीड तास मी त्या पोरीचं खोटंनाटं ओरडत राहिलो — आता तिला राक्षसानं बघितलं, आता तिचा हात भाजला, पण सोडली न्हाई!

खाली आली तेव्हा ओठ निळे, फ्रॉकला पुढून सगळी माती, आणि एका वेणीची रिबीन गायब. रिबिनीवरून आईनं दोन धपाटे घातले. मी बघत उभा होतो.

महिन्याच्या आत ताप. मग गुडघे सुजले, मग घोटे. पुढचं सगळं तिथून.

आणि ती पोरगी तिनं कधी सोडली नाही. आजारात, शाळेत, कुठंही — "दादा, त्या पोरीचं सांग ना." मी सांगायचो. दर वेळी नवं काहीतरी घालून. लग्न होऊन गेली तर पत्रात काय लिहिलं — "इथं पण पाइप धरून उभी हाय." दीड वर्षानं सासरच्यांनी आणून सोडली. घागर उचलताना हिला धाप लागते म्हणे. आमच्या ओट्यावर पेटी ठेवली आणि चहा न घेता गेले हरामखोर.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ तिनं जिभेवर ठेवला आणि काढून टाकला. पावलांवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतोय.

२ फेब्रुवारी

जीवन्याचा फोन! समोरच्या एसटीडीवाल्याचं पोरगं धावत आलं. "रव्या, सापडला बे! बिजलीकुमार!" लातूरच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्यानं तेव्हा टेप करून ठेवलेला. जीवन्या महिनाभर त्याच्या मागं लागला होता — "रुद्राणीला दाखवू. व्हीसीआर मी आणतो."

मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि मग डोक्यात आलं. ती टेप बघेल. आणि त्या पोरीची वाट बघत बसेल.

५ फेब्रुवारी

दुपारी परळीला गेलतो. केबलवाल्याच्या मागच्या खोलीत दोघांनीच बघितला. काय दळभद्री आहे! आठवत होता त्याच्यापेक्षा दसपट वाईट. दोरी आहे. पुठ्ठा आहे. बिजलीकुमारचं पोट सुटलेलं आहे, ते तेव्हा दिसलंच नव्हतं. आम्ही आधी हसलो, मग हसू येईना. दोन मोठी माणसं दुपारी दार लावून हे बघत बसलेली.

आणि सिंहासनाच्या दांडीवर चहाचा ग्लास! अर्धा भरलेला. "आयला, रुद्राणी म्हणाली ती खरंच की," जीवन्या म्हणाला. खालच्या पोरांपैकी कुणीतरी तेव्हा बघून तिला सांगितलं असेल.

पोरगी अर्थातच नाही.

मी जीवन्याला म्हणालो, दाखवायचा नाही. तो चिडला. "महिनाभर पायपीट केली बे! अजून किती दिस हायती तिचे?" मी म्हणालो, म्हणूनच. तिच्याकडं एवढी एकच गोष्ट आहे, ती पण काढून घेऊ? जीवन्यानं टेप माझ्या पिशवीत टाकली. "तुझं तू बघ."

६ फेब्रुवारी

सांगितलं तिला — टेप मिळाली, पण त्याच्यावर कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग करून टाकलंय. बिजलीकुमार पुसला.

मला वाटलं रडेल. तर म्हणाली, "नवरी चांगली हुती का?"

"हुती की."

"हसत हुती?"

"न्हाई."

"मग खरीच नवरी." आणि हसली. "जाऊ दे दादा. तूच सांग. त्या पोरीचं."

सांगितलं. या वेळी शेवटी तिला दिल्लीला नेऊन मेडल दिलं. ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. म्हणाली, "लई चांगलं सांगतो तू."

दुकानात जाऊन गोण्यांमागं बसलो. मी थापाड्या, भित्रा. आणि तिला ते चांगलं वाटतंय!

२५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. आई परळीला जाऊन वैजनाथाचा बेल घेऊन आली. आडवं झालं की जीव घुसमटतो, म्हणून रुद्राणी बसूनच झोपते. आज कबूल करायचं ठरवलं होतं. म्हणालो, "रुदे, एक सांगायचंय. ती पोरगी —" तिनं डोळे उघडले. "तिनं सोडली का तार?"

"न्हाई."

"मग झालं."

मी उठून तिच्या उश्या नीट केल्या.

१ मार्च

गेली. सकाळी पावणेआठला.

३ मार्च

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून नेतात, बसवूनच पुरतात. महिनाभर ती तशीच बसलेली होती, त्यामुळं जंगमानं विभूती लावली तरी मला खरं वाटेना. आता म्हणेल, दादा, सांग ना. सुग्र्या आणि जीवन्यानं खांदा दिला.

कबूल करायचं राहिलं. आता कुणाला करू? आयुष्यभर एका थापेवर ठेवलं मी तिला.

१९ मार्च

वडिलांनी माळवद पाडून स्लॅब टाकायचं काढलंय. म्हणाले, वरचा तो जुना पाइप काढून घे. मी बारा वर्षांत त्या पायपापाशी गेलो नव्हतो. गेलो.

पाइप झरोक्याच्या गजाला बांधलेला आहे. तिच्या वेणीच्या रिबिनीनं. पार पांढरी पडलीय, पण गाठ उकलली तर आतून लालच आहे.

पालथा झोपून झरोक्यातून खाली बघितलं. टीव्हीची जागा पुरी दिसते. आणि त्याच्या पुढं मी बसायचो ती फरशी.

सगळं बघितलं होतं तिनं! दोरी, पुठ्ठा, चहाचा ग्लास. पोरगी नाही हे पण. मी खालून ओरडून ओरडून खोटं बोलतोय, हे पण. आणि तरी बारा वर्षं — त्या पोरीचं सांग ना.

त्या दीड तासात एकदा जरी मी मान वर केली असती, तरी ती मला दिसली असती.