अर्ध्या किलोचा बिल्ला

उदगीर, डिसेंबर २०१६

प्रिय लुंबिनी,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. आमचे मुनीम श्रीमंत आज दुपारच्या गाडीनं नांदेडला येतायत, ते तुझ्या हातात देतील. आधी चांगलं सांगते. ह्यांची तब्येत ठीक आहे. लातूरला स्टेंट टाकला, काल थोडा भात खाल्ला, आणि नर्सला विचारलं म्हणे, डाळमिल चालू आहे का. म्हणजे आमचे अमरेशराव जागेवर आहेत.

तू आली होतीस तेव्हा नोटाबंदीला दोन आठवडे झाले होते. हमालांचा पगार द्यायला आमच्याकडे नुसत्या दोन हजारांच्या नोटा, आणि अख्ख्या उदगिरात त्यांची मोड नाही. जेवताना तू फ्रान्सची गोष्ट काढलीस. पहिल्या महायुद्धानंतर तिथली चिल्लर लोकांनी घरात दडवली, फ्रँकची किंमत रोज उतरत गेली, मग व्यापाऱ्यांच्या मंडळांनी स्वतःची नाणी पाडली आणि बाजार चालू ठेवला. होस्टेलमध्येही तू अशीच सांगायचीस, हातातला घास हातात ठेवून. मी मात्र ह्या वेळी ऐकून गप्प बसले नाही. भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून पितळी बिल्ले करून घेतले. एका बाजूला तुरीची फांदी, दुसऱ्या बाजूला ‘अर्धा किलो डाळ’. हमालांनी घेतले. त्यांच्याकडून चहावाल्यानं, भाजीवालीनं, रिक्षावाल्यानंही घेतले. पंधरा दिवसांत बिल्ले कासारगल्लीपर्यंत पोचले. कुणी माझ्याकडे डाळ मागायला येईना. बिल्लाच पुढं देऊन राहिले होते.

मंगळवारी ह्यांना मिलमध्येच छातीत कळ आली. भाच्यानं गाडीत घालून लातूरला नेलं. मी पायात चपला घालत होते, तोवर फाटकाशी बिल्ले घेऊन आलेल्यांची गर्दी. मालक गेला, मिलला सील लागणार, अशी आवई उठली होती. गाडी पुढं निघून गेली आणि मी आतच राहिले. श्रीमंत म्हणाले, “वहिनी, फाटक लावून मागच्या दारानं निघा. लोक लई बिथरलेत.” पत्र्यावर एक दगड पडला. लुंबिनी, खरं सांगते, निघावंसं वाटलं मला. पण फाटक लावलं असतं तर आवई खरी ठरली असती. मी गोदाम उघडायला लावलं आणि काट्याशी स्वतः उभी राहिले.

डाळ मोजून देत होते. पोती भराभर रिकामी होत होती. तेवढ्यात गर्दीतला एक व्यापारी ओरडायला लागला, बिल्ल्याला वीस रुपये, रोख, आत्ता. पन्नासाची डाळ वीसला. आणि लोक वळायला लागले गं त्याच्याकडे! तेव्हाच फोन वाजला, लातूरचा. माझे हात डाळीत. हात थांबले तर काय होईल ते समोर दिसत होतं. श्रीमंतांनी फोन उचलला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत पुढच्या बाईच्या पिशवीत डाळ ओतत राहिले. त्यांनी मान हलवली, तरी मला कळेना, हो म्हणून की नाही म्हणून. मग ते म्हणाले, “हायेत. शुद्धीवर हायेत.”

ती बाई म्हणजे सिद्धम्मा, मोंढा बाजाराजवळची भाजीवाली. तिच्या ओटीत सगळ्यांत जास्त बिल्ले. तिनं पिशवी परत माझ्याकडे सरकवली. म्हणाली, “अक्का, मला आज डाळ न्हाई पायजे. तू दवाखान्यात जा.” आणि त्या व्यापाऱ्याकडे वळून मोठ्यानं, “वीस रुपयाला इकत घेतूस व्हय रे? समोर डाळ दिसून राहिली न्हाई का तुला?” कुणीतरी हसलं. मागचे दोघंतिघं निघून गेले. मग हळूहळू सगळेच पांगले. मी पोत्यावर बसून रडले, तेही श्रीमंत पाठमोरे झाल्यावर.

पण काल पोलीस ठाण्यातून निरोप आला. कुणीतरी तक्रार दिली आहे. धातूचा तुकडा पैसा म्हणून चालवणं गुन्हा आहे म्हणे. उद्या सकाळी मला बोलावलंय. आणि तू म्हणतेस, मी येते, कल्पना माझी होती असं सांगते. त्यासाठीच हे पत्र. येऊ नकोस. तू गोष्ट सांगितलीस, आणि तिथल्या मंडळांना सरकारची मुभा होती हेही तेव्हाच बजावलं होतंस. ऐकलं नाही ते मी. कॉलेजात तुझी नोकरी अजून कायम व्हायचीय. कंधारला दुसऱ्याच्या रानात राबून तुझ्या आईनं तुला शिकवलंय. माझ्या बिल्ल्यांपायी ती नोकरी जायला नको. अक्कल कुणाची म्हणून विचारतील, तर माझी. तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. तुला यायचंच असेल तर उद्या सकाळी लातूरला जा. भाच्याची परीक्षा आहे, ह्यांच्याजवळ कुणी नाही. खिचडी मऊ करून ने. मी कुठं आहे विचारलं, तर मिलमध्ये आहे म्हणून सांग.

तुझीच,
जगदेवी